आमच्या सोसायटीनं रद्द केलेला ईस्टर

तमाम रहिवाशांना अत्यंत जड अंतःकरणानं कळवण्यात येतं की, यंदा आपल्या सोसायटीत ईस्टर होणार नाही. कुणीही समोरच्या सिस्टरांना ‘हॅपी ईस्टर’ म्हणू नये, मुलांनी अंड्यांची चौकशी करू नये आणि रविवारी सकाळी जिन्यात दात काढत उभं राहू नये. हुकुमावरून.

ही घोषणा मी केली. तोंडी. सूचनाफलकावर लावणं शक्य नव्हतं, कारण तो फलक मन लावून वाचणारी व्यक्ती आमच्या इमारतीत एकच आहे, आणि ती म्हणजे सिस्टर. म्हणून मी सगळे मजले चढले, दर दाराची बेल वाजवली, ओढणी सावरली, घसा खाकरला आणि हे शब्द उच्चारले. मराठी मंडळाच्या नाटकांत मला कायम दासीची भूमिका मिळते. ‘महाराज, दूत आला आहे’ एवढं बोलून विंगेत जायचं. एकदाचं स्वतःला दूत व्हायला मिळत होतं, ते मी थोडीच सोडणार! तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा आवाज इतका सुरेख कापायला लागला होता की, तिथल्या गुजराती बेननं मला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, ‘‘कोण गयुं?’’

हुकूम मात्र माझा नव्हता. तो आमच्या सासूबाईंचा. सुतक कुणाला किती, सोयर कुणाला लागतं, वर्षाच्या आत कुठला सण करावा आणि कुठला करू नये, या विषयांत गुजरातेतल्या आमच्या निजामपुऱ्यात त्यांच्या वरचं कोर्ट नाही. गुजराती शेजारीसुद्धा सल्ल्याला आमच्याकडे येतात. कान थोडे कमी झाले आहेत, त्यामुळे निकाल मोठ्यांदा लागतो, एवढंच.

आता सिस्टरांबद्दल सांगायला हवं. सिस्टर म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. जन्मभर नर्स होत्या, त्यामुळे अख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. त्यांचे यजमान बाजव्याला रिफायनरीत माझ्या नवऱ्याचे सीनियर होते. सिस्टरांचे म्हणून त्यांना सगळे मिस्टर म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही गैर वाटत नसे. एकुलती मुलगी कॅनडात.

हे दोघं राहायला आले त्या पहिल्या ईस्टरला सिस्टरांनी भोळेपणानं खरीखुरी अंडी उकडून, लाल-निळी रंगवून, ताटात मांडून दारोदार नेली. चेअरमनकाकांच्या घरी ते ताट टीपॉयवर टेकलं मात्र! सिस्टर गेल्यावर काकींनी टीपॉय धुतला, मग फरशी धुतली, मग काकांना आंघोळीला पाठवलं. काकांनी अंड्यांकडे नुसतं पाहिलं होतं.

सिस्टर रुसल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मावा आणि काजूची पूड मळून अंडी केली. आत केशराचा पिवळा गोळा, वर वेलदोड्याचा घमघमाट. काकांनी एक अंडं सुरीनं कापलं, आतलं पिवळं पाहिलं, डोळे मिटून तोंडात टाकलं आणि जाहीर केलं, ‘‘सिस्टर, आ तो अमारुं इंडुं!’’ आणि लगेच आणखी दोन उचलली. तेव्हापासून ईस्टर आमच्या सोसायटीचा झाला. मुलं गुढीपाडव्यानंतर विचारायलाच लागतात, अंड्यांचा सण कधी?

एका वर्षी कुणीतरी सिस्टरांना विचारलं, अंडंच का? लाडू का नाही? त्या म्हणाल्या, ‘‘अंडं बाहेरून कसं दिसतं? दगडासारखं. बंद. आत काही असेल असं वाटतच नाही. येशूची कबर तशी होती. तोंडावर मोठी धोंड लावलेली. आणि आतून जीव बाहेर आला.’’ मुलांनी हातातल्या मिठाईकडे जरा आदरानं पाहिलं आणि मग खाल्ली.

सासूबाईंचं आणि सिस्टरांचं खरं गूळपीठ जमलं ते उपासावरून. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस सिस्टर चहा सोडतात. बाकीचं वर्षभर त्यांचं रक्त चहाचंच असतं. सासूबाईंनी हे ऐकलं आणि मला म्हणाल्या, ‘‘बघ, याला उपास म्हणतात. नाहीतर तुमचं! एकादशी म्हटली की साबुदाण्याच्या डोंगरावर चढाई.’’ त्या चाळीस दिवसांच्या शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार येतो. येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. चर्चमधून सिस्टर झावळीच्या पातीचा विणलेला छोटा क्रूस आणतात आणि आम्हाला देतात. सासूबाई तो देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. ‘‘देवाच्या घरून आलंय, देवाच्या घरीच राहू दे.’’

तर गेल्या वर्षी गणपती विसर्जन होऊन थोडे दिवस झाले आणि मिस्टर गेले. दुपारी जेवून आडवे झाले, झोपेतच संपलं. माझ्या नवऱ्यानं शवपेटीला खांदा दिला. चेअरमनकाका कबरस्तानात जन्मात पहिल्यांदा गेले, आणि तिथे बूट काढायचे की नाही हे न कळल्यामुळे एकच बूट काढून उभे होते.

त्यानंतर सिस्टर आतल्या आत मिटत गेल्या. बोलणं कमी, खाणं कमी. दार आधी दिवसभर उघडं असायचं, ते लागलं. आणि एक गोष्ट त्यांनी मला एकटीलाच सांगितली होती, मी अर्थातच ती सासूबाईंना सांगितली, आणि सासूबाईंना सांगितलेली गोष्ट चौथ्या मजल्यावर ऐकू जाते. मूठमाती दिल्यानंतर सिस्टर एकदाही कबरीवर गेल्या नव्हत्या. ‘‘गेटपर्यंत रिक्षा केली होती गं,’’ त्या म्हणाल्या होत्या. ‘‘उतरवेचना. रिक्षावाला बिचारा दोनदा म्हणाला, बेन, आवी गयुं. मी म्हटलं, परत चल.’’

सगळ्या इमारतीला मग हीच एक काळजी लागून राहिली. ही बाई पुन्हा माणसांत येईल की अशीच दाराआड विझत जाईल?

नाताळात त्यांच्या गॅलरीत चांदणी लागली नाही. केक आला नाही. सासूबाईंनी याची मनात पक्की नोंद केली. आणि ईस्टर जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी निकाल दिला.

‘‘त्यांच्यातही वर्ष पाळतात.’’

‘‘आई, आपल्याला काय माहीत? विचारू या का?’’

‘‘विचारतेस काय! जखमेवर बोट ठेवून विचारायचं, दुखतंय का म्हणून? नाताळ केला नाही, म्हणजे ईस्टरही करणार नाहीत. आणि आपण गाढवासारखे दारात जाऊन हॅपी हॅपी करायचं? ती बाई आधीच काटकी झालीये.’’

चेअरमनकाका हजर होतेच. त्यांनी मान डोलावली. ‘‘बराबर छे. वरसी पहेलां तहेवार केवो?’’

मराठी सुतक आणि गुजराती वरसी यांचं एकमत झालं. असं एकमत पार्किंगच्या प्रश्नावर आजवर झालेलं नाही. आणि मी दूत म्हणून बाहेर पडले.

आता गंमत पाहा. सिस्टरांनी याही वर्षी चहा सोडला होता. आम्ही म्हटलं, अन्नावरची वासना उडाली. झावळ्यांच्या रविवारी त्यांनी क्रूस आणून दिला. सासूबाई म्हणाल्या, हाताला सवय असते. एकदा माणसानं दुसऱ्याची काळजी करायचं ठरवलं की समोरचं काही दिसेनासं होतं.

मग आला शुक्रवार. आपल्या कॅलेंडरात गुड फ्रायडे, त्यांच्या मंडळीत उत्तम शुक्रवार. येशूला क्रुसावर खिळलं तो दिवस. सिस्टर पांढरी साडी नेसून सकाळीच चर्चला गेल्या. भर दुपारी तीन तास तिथे उपासना चालते. क्रुसावरून येशूनं शेवटचे जे सात उद्गार काढले, त्यांतल्या एकेकावर कुणीतरी बोलतं, मध्ये गाणी होतात, शेवटी सगळे न बोलता घरी जातात. सासूबाईंनी घड्याळ पाहून पिठलं-भात केला.

‘‘मरणाचा दिवस आहे. आज घरात चूल पेटत नसते,’’ त्या म्हणाल्या आणि पातेलं घेऊन समोर गेल्या.

सिस्टरांचे डोळे भरून आले. ‘‘काकू, तुम्हाला कसं कळलं? मी आज काही शिजवत नाही.’’

सासूबाईंनी वळून माझ्याकडे अशी नजर टाकली की, बाकीचा पुरावा सादर करायची गरजच उरली नाही.

आणि शनिवारी वेलदोड्यांचं प्रकरण घडलं.

सकाळी बेल वाजली. सिस्टर दारात, हातात छोटी वाटी. ‘‘काकू, वेलदोडे आहेत का थोडे? आणायचे राहिले.’’

सासूबाईंना एका क्षणात सगळं दिसलं. ही बाई दुःखात असूनही लोकलाजेस्तव अंडी करायला निघाली आहे. आपण तिला यातून सोडवलं पाहिजे.

‘‘नाहीत हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘संपले.’’

त्याच वेळी मी ओट्याशी श्रीखंडासाठी वेलदोडे कुटत होते. खलबत्त्याचा आवाज होत होता. वासाचं तर विचारूच नका, देवघरापर्यंत पसरला होता. मी बत्ता हवेत तसाच धरून उभी राहिले, एखाद्या पुतळ्यासारखी. सिस्टरांनी एक श्वास घेतला. नर्सचं नाक ते. ‘‘बरं,’’ म्हणाल्या आणि वर गेल्या.

वर चेअरमनकाकांच्या काकींनी सांगितलं, ‘‘एलची? ना रे बेन, अमे तो खाता ज नथी.’’ त्यांच्या चहातल्या वेलदोड्याचा वास सोसायटीच्या गेटवर येतो. तिसऱ्या मजल्यावर केशरही नव्हतं आणि वेलदोडेही नव्हते. चौथ्या मजल्यावर तर दारच उघडलं नाही, आतून फक्त ‘‘शू, शू’’ असा आवाज आला. निजामपुऱ्यातल्या एका भरल्या इमारतीतून सकाळभरात वेलदोडा नाहीसा झाला. माझी दूतगिरी इतकी चोख झाली होती.

संध्याकाळी सिस्टर पिठल्याचं पातेलं परत द्यायला आल्या. दारातूनच दिलं आणि वळल्या. सासूबाईंनी झाकण काढून पाहिलं. घासून लखलखीत. रिकामं.

आता मराठी घरातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात. सिस्टरांनी इतक्या वर्षांत एकदाही आमचं भांडं रिकामं दिलं नव्हतं. मिस्टर गेले त्या आठवड्यातसुद्धा डब्यात दोन खडीसाखरेचे खडे आले होते.

‘‘रिकामं दिलं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘विसरल्या असतील, आई.’’

‘‘त्या विसरत नाहीत. आपल्या हातून काहीतरी झालंय.’’ आणि पायात चप्पल न घालता त्या समोर गेल्या. मी मागोमाग.

सिस्टरांनी दार उघडलं. आतल्या टेबलावर मावा होता, काजूची पूड होती, अंड्यांना आकार द्यायचा मोठा चमचा होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेली झेंडूची आणि गुलाबाची फुलं होती. मेणबत्त्यांचं पुडकं. खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेली कोरी साडी. शोकातल्या माणसाचं घर असं नसतं. हे उद्या कुठेतरी निघालेल्या माणसाचं घर होतं. फक्त निघणारी बाई खुर्चीत हातपाय गाळून बसली होती.

‘‘काकू, एक विचारू? खरं सांगाल?’’

‘‘विचारा.’’

‘‘नवरा गेलेल्या बाईच्या हातचं गोड तुमच्यात चालत नाही का?’’

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

‘‘अहो सिस्टर! मग मी कोण आहे? मी काय हळदीकुंकवाची सवाष्ण आहे? माझ्या हातचे लाडू ही सोसायटी किती वर्षं गिळतेय!’’

‘‘मग वेलदोडे का नाही दिलेत? तुमच्या घरात कुटत होते. मला वास आला. वर गेले तर तिथेही नाही. कुणाकडेच नाही. मी म्हटलं, आता कळलं. मिस्टर होते तोवर माझी अंडी चालत होती.’’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘सांग,’’ म्हणाल्या. मी सांगितलं. घोषणा जशीच्या तशी म्हणून दाखवली. जरा हळू आवाजात, पण हातवारे सवयीनं झालेच.

सिस्टर ऐकत होत्या. ‘हुकुमावरून’ या शब्दापाशी त्यांनी पदर तोंडाशी नेला. मला वाटलं, आता रडतात. तर त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलत होते, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. कित्येक महिन्यांत आम्ही ते हसू ऐकलं नव्हतं.

‘‘म्हणजे माझा ईस्टर तुम्ही सगळ्यांनी मिळून रद्द केलात?’’

‘‘तुमच्या काळजीनं हो!’’ सासूबाई कासावीस झाल्या. ‘‘तुम्ही नाताळला चांदणी लावली नाहीत. मला वाटलं, वर्ष पाळताय.’’

‘‘नाताळ जन्माचा सण, काकू. घरात पाळणे, बाळं, गाणी. मला नाही झेपलं, म्हणून नाही केला. पण ईस्टर कसा सोडू? तो आमच्यासारख्यांचाच सण आहे.’’ त्यांनी पदरानं डोळे पुसले. ‘‘त्या पहाटे कबरीवर गेल्या त्या बायकाच होत्या. सण करायला नव्हत्या गेल्या. त्यांचा माणूस मेला होता. शुक्रवारी घाईघाईनं ठेवला होता, मध्ये शब्बाथ आला, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार, नीट काही करता आलं नव्हतं. म्हणून सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या. वाटेत काळजी कसली, तर तोंडावरची धोंड कोण लोटणार? आपल्याच्यानं ती हलायची नाही. आणि जाऊन पाहतात तर धोंड बाजूला, आणि आत कुणी नाही. तो उठलाय, असा निरोप सगळ्यात आधी त्यांना मिळाला. रडायला निघालेल्या बायकांना.’’

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांना गोष्ट आवडली की त्या बसतात.

‘‘म्हणजे सुतकातल्या बायका,’’ त्या म्हणाल्या.

‘‘सुतकातल्याच.’’

‘‘आणि आम्ही सुतक म्हणून तोच सण बंद केला.’’

‘‘आमच्यात त्या पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमते. आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं घालायची, मेणबत्ती लावायची, गाणी म्हणायची. आमचा विश्वास आहे की, तो उठला तशी आमची माणसंही एक दिवस उठतील. मी एवढे महिने गेले नाही. एकटीनं पाय उचलत नव्हता. म्हटलं, ईस्टरला जाईन, तेव्हा सगळेच असतात. दर वर्षी मिस्टरांच्या स्कूटरवर जायचे, त्यांच्या आईच्या कबरीला. या वेळी स्कूटर नाही. म्हटलं, अंडी द्यायला जाईन तेव्हा सहज विचारीन, कुणी येता का बरोबर.’’ त्या फडक्यातल्या फुलांकडे बघत राहिल्या. ‘‘दुकान आहे हो खाली. वेलदोडे कुठेही मिळतात. पण करायची कुणासाठी, असं झालं. उद्या घरीच बसणार होते.’’

सासूबाई उठल्या. ‘‘किती वाजता निघायचं?’’

‘‘तुम्ही?’’

‘‘मी. ही गाडी चालवेल.’’

मी पुन्हा जिना चढले. दूताला त्याच दिवशी उलटा निरोप घेऊन जावं लागलं तर काय होतं, ते मी अनुभवलं. पहिल्या मजल्यावर मी ‘‘मागील घोषणा’’ एवढंच म्हटलं आणि मला हसू आवरेना. तरी निरोप पोचला. सिस्टरांना वाटलं, विधवेच्या हातचं म्हणून आपण नाही म्हटलं, हे वाक्य ऐकल्यावर एकेक चेहरा कसा उतरला, ते मी पाहिलं. पुढच्या पाच मिनिटांत सिस्टरांच्या टेबलावर इतके वेलदोडे जमले की त्यांत वर्षभराचं श्रीखंड झालं असतं. काकींनी अख्खी बरणी आणली आणि ती सिस्टरांच्या हातात देऊन त्यांच्या शेजारी बसून सोलायला लागल्या. चेअरमनकाका केशर घेऊन आले. ‘‘सिस्टर, भूल थई गई,’’ म्हणाले, आणि भीत भीत विचारलं, ‘‘इंडां तो बनशे ने?’’ सासूबाईंनी मावा मळायला घेतला. त्यांची अंडी चपटी व्हायला लागली, तर सिस्टरांनी त्यांच्या हातातून घेऊन नीट केली आणि म्हणाल्या, ‘‘काकू, हे अंडं आहे, पेढा नाही.’’ नर्सच्या आवाजात. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं.

पहाटे अंधार होता तेव्हा मी गाडी काढली. सिस्टर पुढे, मांडीवर फुलं. मागे सासूबाई, लुगडं नेसून, अंगावर शाल. त्यांच्या शेजारी काकी, हातात चहाचा थर्मास, कारण चाळीस दिवस आज संपत होते. काका स्कूटरवरून मागोमाग. रस्त्यावर दूधवाले सोडले तर कुणी नव्हतं. गाडीत मध्येच सासूबाई म्हणाल्या, ‘‘मी अशा ठिकाणी कधी गेले नाही. आमच्यात बायकांना नेत नाहीत. ह्यांना नेलं तेव्हा मी दारातच राहिले. कुठे नेलं, कशी लाकडं रचली, काही पाहिलं नाही.’’ हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. सिस्टरांनी मागे हात केला आणि सासूबाईंनी तो धरला.

गेटपाशी गाड्या लागल्या होत्या. आतून माणसांचा गुणगुणाट येत होता. मेणबत्त्यांचे ठिपके दिसत होते, दूरवर, ओळीनं. सिस्टर उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. एवढ्या महिन्यांपूर्वी रिक्षा जिथे थांबली होती, तिथेच बहुतेक. फुलांचं फडकं छातीशी घट्ट धरलेलं.

सासूबाई त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. ‘‘मलाही भीती वाटतेय हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आपण दोघी जाऊ.’’ आणि कोपराला धरून निघाल्या. कुणी कुणाला धरलं होतं, ते मला मागून सांगता आलं नसतं.

मी मनात काय चित्र रंगवलं होतं कोण जाणे. इथे तर लग्नघरची गर्दी होती. नव्या साड्या, कडक शर्ट, तेल लावून भांग पाडलेली मुलं. म्हातारे कबरीशेजारी पाट टाकून बसावं तसे बसलेले. कुणी दगडावरची धूळ रुमालानं पुसत होतं, कुणी हार घालत होतं. गुजराती, मराठी, मल्याळी, सगळ्या भाषा. चेअरमनकाकांनी या वेळी दोन्ही बूट काढले होते. काढायचे नव्हते, पण कुणी त्यांना सांगितलं नाही.

मिस्टरांची कबर एका कडुलिंबाखाली. दगड अजून बसवला नव्हता, मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. उंचवट्यावर थोडं गवत आलं होतं. सिस्टर खाली बसल्या. गवत उपटायला हात पुढे केला, मग उपटलं नाही, तसंच राहू दिलं. फुलं घातली. वाऱ्यानं मेणबत्ती लागेना, तर काकींनी पदराचा आडोसा धरला. लागली.

पूर्वेला उजाडायला लागलं तसे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, मधल्या वाटेवर येऊन उभे राहिले. सगळे उठले. त्यांनी मोठ्यानं आधी गुजरातीत म्हटलं, ‘‘ख्रिस्त ऊठ्या छे!’’ आणि चारी बाजूंनी, एकेका कबरीपासून उत्तर आलं, ‘‘खरेखर ऊठ्या छे!’’ माझ्या अंगावर काटा आला. नाटकात शंभर माणसांचा समूह उभा केला तरी असा आवाज येत नाही. सिस्टरांचे ओठ मिटलेले होते. पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा इंग्रजीत म्हटलं. उत्तर आलं. सिस्टर मातीकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा मराठीत.

‘‘ख्रिस्त उठला आहे!’’

मराठी मंडळी थोडीच, त्यामुळे उत्तर पहिल्या दोन वेळेपेक्षा लहान आलं. ते संपलं, आणि मग, सगळ्यांच्या नंतर, घोगऱ्या आवाजात, आमच्या शेजारून आलं, ‘‘खरोखर उठला आहे.’’ पुढच्या कबरीपाशी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी वळून पाहिलं आणि मान हलवली.

मग पाळकसाहेब म्हणाले की, आता थोडा वेळ शांत राहून प्रत्येकानं आपापल्या माणसाजवळ प्रार्थना करावी. सगळीकडे चिडीचूप झालं. मुलंसुद्धा गप्प. कडुलिंबावर एक कोकीळ होता, तोही थांबला. सिस्टर पुन्हा खाली बसल्या, मातीवर हात ठेवला. मग मान वर करून सासूबाईंना हळूच म्हणाल्या, ‘‘काकू, इतक्या दिवसांनी आलेय. काय बोलू त्यांच्याशी, सुचतच नाही.’’

सासूबाईंना शांतता फार वेळ सहन होत नाही, आणि आपला आवाज केवढा आहे ते त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी हात जोडले, कबरीकडे वाकल्या, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी कानात सांगितल्यासारखं, पण गेटवरच्या फुलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘‘अहो मिस्टर, सिस्टर आल्यात हो! आणि एकट्या नाहीत, आम्ही आहोत बरोबर, काळजी करू नका!’’